घराचा पूरविमा: पॉलिसी घेताना आणि क्लेम लावताना

घराच्या पूरविम्याची चौकशी करायचा कोल्हापुरातला मोसम ठरलेला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर जातं, इशारा पातळी लागते आणि माझा फोन वाजायला लागतो. ४३ फुटांची धोका पातळी आली की फोन करणाऱ्यांचा आवाजही चढतो. "ताई, आजच्या आज निघंल का?" त्या दिवसांत मी घराच्या नव्या पॉलिसीचे पैसे घेत नाही. पॉलिसी सुरू होण्याआधी झालेलं नुकसान कंपनी देत नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी असताना काढलेल्या पॉलिसीचा क्लेम म्हणजे विकतचं भांडण. हे काम मार्च ते मे या महिन्यांतलं. मृग लागायच्या आत कागद हातात पाहिजे.

मी जनरल इन्शुरन्सची एजंट, लक्ष्मीपुरीत बसते. माझं गिऱ्हाईक दोन पाण्यांचं आहे. एक पंचगंगेचं: शाहूपुरी, दुधाळी, बापट कॅम्प, प्रयाग चिखली, आंबेवाडी. दुसरं समुद्राचं: नोकरीधंद्यानिमित्त इथं राहणारे, पण मालवण, देवगड, रत्नागिरीकडं आईवडिलांचं घर असलेले. दोघांना वाटतं की आपला विमा वेगळा असणार. नसतो. जुलै २०२१ मध्ये इथं पंचगंगेनं आणि तिकडं चिपळुणात वाशिष्ठीनं एकाच आठवड्यात घरं बुडवली. दोन्हीकडच्या घरांना लागू होणारी पॉलिसी शब्दन् शब्द एकच होती.

तिचं नाव भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून घरांना आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक कंपनीनं ही पॉलिसी ठेवलीच पाहिजे, असा आयआरडीएआयचा म्हणजे विमा नियामकाचा आदेश आहे. मजकूर नियामकानं ठरवून दिलेला, कंपनी कोणतीही असो. आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि पाणी साचणं, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. "पूर वेगळा घ्यावा लागतो" असं कोणी सांगितलं तर तो दुसरीच पॉलिसी विकतोय असं समजा. तशा पॉलिसी बाजारात आहेत. जुन्या आगीच्या पॉलिसीत तर प्रीमियम कमी करायला वादळ-पूर हा भाग काढून टाकायची सोय होती. म्हणून घरात जुना कागद असेल तर त्यावर 'स्टॉर्म, फ्लड, इनंडेशन' हे शब्द शाबूत आहेत का, ते आधी बघा.

आता रक्कम. इथं शंभरातले नव्वद जण अडखळतात.

नागाळा पार्कातला फ्लॅट पंचावन्न लाखांना घेतला म्हणून विमा पंचावन्न लाखांचा होत नाही. जागा वाहून जात नाही. विमा बांधकामाचा असतो. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढाच हिशोब. समजा कार्पेट ७५० चौरस फूट आणि तुमच्या इंजिनिअरनं दर २,२०० रुपये सांगितला, तर इमारतीची विमा रक्कम १६ लाख ५० हजार. कंपाउंड, गेट, सेप्टिक टँक, गच्चीवरचं सोलर, पाण्याची टाकी हे पॉलिसीच्या व्याख्येत घरातच मोडतं. पण त्यांची किंमत या गुणाकारात येत नाही, ती वेगळी धरून बेरजेत घाला. प्रॉपर्टी टॅक्सच्या पावतीवरचा एरिया तसाच उचलू नका, त्यात बऱ्याचदा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून मोजलेला असतो. करारपत्र काढा आणि त्यातला आकडा लिहा.

दर मुद्दाम कमी सांगून प्रीमियम वाचवणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी त्याचा मोठा फटका बसायचा. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचा असला आणि नुकसान दोन लाखांचं झालं तर हातात एकच लाख यायचा, कारण "तुम्ही अर्ध्याचाच विमा घेतला होता". भारत गृह रक्षामध्ये ही अर्ध्याची कात्री काढून टाकली आहे. तरी विमा रकमेच्या वर कंपनी एक रुपया देणार नाही, तेव्हा पूर्ण घर पडलं तर कमी लिहिलेला आकडा तुमच्याच अंगावर येतो. दुसरी चांगली सोय म्हणजे एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी घेतली तर विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा प्रीमियम न भरता. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते. मी लोकांना सहसा एक वर्षाची घेऊ देत नाही. नूतनीकरण जुलैमध्ये विसरायचं आणि पाणी ऑगस्टमध्ये यायचं, हा योग इथं फार जुळतो.

प्रीमियम किती, तर चारचाकीच्या वर्षाच्या विम्यापेक्षा बहुतेकांना कमीच बसतो. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, तो घराच्या विम्यावरूनही गेला असं समजून माझ्याशी वाद घालणारे भेटतात. घराच्या विम्यावर तो १८ टक्के आहे तसाच आहे.

घरातल्या सामानाचं गणित थोडं वेगळं. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाख रुपये. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ३० हजार होतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, सोफा, कपाटं, गाद्या, मिक्सर, कपडे, भांडी अशी यादी करून बेरीज मारा. तळमजल्यावरच्या चांगल्या घरात ही रक्कम पुरत नाही. जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. भाड्यानं राहणाऱ्याला फक्त सामानाचा विमा घेता येतो, हे बऱ्याच भाडेकरूंना माहीतच नसतं.

सोनं, चांदीची भांडी यांना वेगळं कलम जोडावं लागतं आणि किंमत आधी ठरवून लिहिली जाते. एक वस्तू एक लाखाच्या आत आणि सगळं मिळून पाच लाखांच्या आत असेल तर सरकारमान्य मूल्यनिर्धारकाचा दाखला लागत नाही. रोख रक्कम मूळ पॉलिसीत मिळत नाही. गादीखालच्या नोटा भिजल्या तर त्यांचं तुम्ही आणि बँक बघा.

कुंभार गल्लीचं वेगळं सांगते, कारण तिथं गोंधळ ठरलेला. आपल्याकडं पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, नेमका गणपतीच्या तोंडावर. २०१९ ला आणि २०२१ लाही तयार, अर्धवट रंगवलेल्या मूर्ती पाण्यात गेल्या. तिथल्या एका मामांनी मला विचारलं, "घरातच हायत की मूर्ती. घरातलंच सामान नव्हं?" नव्हं. विकायला ठेवलेला माल हा धंद्याचा साठा, तो घराच्या पॉलिसीत येत नाही, मग तो देवघराशेजारी का ठेवलेला असेना. त्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची दुसरी प्रमाणित पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या धंद्यांना चालते. मूर्ती, शाडू, साचे, रंग, कॉम्प्रेसर सगळं तिच्यात लिहा. साठा वर्षभर सारखा नसतो, म्हणून गणपतीआधीच्या महिन्यात जास्तीत जास्त जेवढा माल घरात असतो तो आकडा धरा. घरी शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवणाऱ्या, चपलांची कामं घरी घेणाऱ्या, पापड-मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या सगळ्यांना हेच लागू. गोठ्यातल्या म्हशी पुन्हा वेगळ्या, त्यांचा पशुधन विमा.

"बँकेनं कर्जाबरोबर विमा केलाय" हे वाक्य ऐकलं की मी आधी कागद मागते. दहातल्या काही वेळा तो आयुर्विमा निघतो: कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून. त्याचा पुराशी काडीचा संबंध नाही. खरोखर घराचा असेल तर फक्त इमारतीचा असतो, कधी कर्जाच्या रकमेइतकाच, आणि पैसे आधी बँकेच्या नावावर जातात. बँकेतून पॉलिसीची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, शाखेतल्या माणसानं कितीही "साहेब नाहीत" म्हटलं तरी.

अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. पाणी पार्किंगमध्ये शिरलं की लिफ्टचा खड्डा, मीटररूम, पाण्याची मोटर, जनरेटर बाद होतात आणि वर्गणी चौथ्या मजल्यालाही भरावी लागते. सामाईक भागाचा विमा सोसायटीनं घ्यायचा असतो. वार्षिक सभेत पार्किंगच्या पट्ट्यांवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटं याला द्या.

आता काय मिळत नाही ते. हा भाग कोकणातल्या घरवाल्यांनी दोनदा वाचावा.

माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मालवणच्या घराची माडांची रांग दरवर्षी थोडी थोडी समुद्रात जाते आहे. त्यांना वाटत होतं की एक दिवस कुंपणाची भिंत गेली की विमा आहेच. जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण त्याच कलमाखाली अपवाद लिहिलेला आहे: समुद्रकिनाऱ्याची किंवा नदीकाठाची धूप. लाटा हळूहळू जमीन खातात आणि त्यामुळं भिंत खचते, ते मिळत नाही. चक्रीवादळात पाणी आत घुसून तीच भिंत पडली तर मिळतं. जून २०२० च्या निसर्गमध्ये किंवा मे २०२१ च्या तौक्तेमध्ये छपरं उडाली, तो सरळ वादळाचा क्लेम. म्हणजे भिंत कधी आणि कशानं पडली याला महत्त्व. किनाऱ्यावर घर असेल तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कुंपणाचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी भिंत उभी होती हे दाखवता आलं पाहिजे.

तोच अपवाद पंचगंगेकाठी नदी कडा कातरते तिथं लागतो. आणि त्याच यादीत आणखी एक आहे, तो शहरातल्यांनी बघावा: भराव टाकलेल्या जमिनीचं बसणं. ओढ्या-नाल्याच्या कडेला, सखल शेतात मुरूम ओतून पाडलेले प्लॉट कोल्हापुरात थोडे नाहीत. अशा घराला तडे गेले तर कंपनी म्हणणार, भराव बसला. पाणी आत येऊन प्लास्टर फुगलं, दारं वाकली, फरशी उखडली तर तो पूर. जमीन बसून भिंत चिरली तर तो भराव. प्लॉट घेतानाच पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघून घ्यावी. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "लाल रेषेच्या आत आहे, पण शंभर वर्षांतून एकदा" म्हणून हसणाऱ्यांना मी २०१९ आणि २०२१ ही दोन सालं सांगते.

वर्षानुवर्षांची ओल, भिंतीची बुरशी, गळकी गच्ची हा पूर नव्हे. आणि पाणी गल्लीत आलं, महापालिकेनं तुम्हाला बाहेर काढलं, तुम्ही आठवडाभर पाहुण्यांकडं राहिलात, पण घरात थेंब आला नाही, तर क्लेम नाही. नुकसान प्रत्यक्ष व्हावं लागतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर मात्र दुरुस्ती होईपर्यंतचं पर्यायी जागेचं भाडं पॉलिसीतून मिळतं. भाडेकरार आणि पावत्या ठेवा.

चोरीचं कलम पूरग्रस्तांना फार उपयोगी, आणि फार थोड्यांना ठाऊक. बोट दारात आली तरी माणसं माळ्यावर बसून राहतात, कारण मागं घर फोडतील ही भीती. पूर आल्यामुळं झालेली चोरी, घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली असेल तर मिळते. मुदत लहान आहे. २०१९ ला पाणीच कित्येक ठिकाणी आठवडाभर उतरलं नव्हतं. म्हणून आत जाता आलं की पहिल्यांदा कुलूप, कडी, कपाट बघा आणि काही गेलं असेल तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवा. घराबाहेर, अंगणात ठेवलेल्या वस्तूंचा यात भरवसा धरू नका.

मे महिन्यात एक काम करा. मोबाइल हातात घेऊन सगळ्या घरातून फिरा, व्हिडिओ चालू ठेवून, प्रत्येक कपाट उघडून. फ्रिजच्या मागं, वॉशिंग मशीनच्या पाठीवर, टीव्हीच्या खाली मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी असते, तिचा वाचता येईल असा फोटो. बिलं असतील तर त्यांचेही. हे सगळं स्वतःलाच ईमेल करा आणि पुण्याच्या मुलाला किंवा जावयाला पाठवून ठेवा. पॉलिसीची पहिली दोन पानंसुद्धा. बिल नसलं म्हणून क्लेम बुडत नाही, पण वस्तू होती हे दाखवणारं काहीतरी लागतं.

पाणी शिरलं, तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर लगेच कळवा, घर बघायला जाता आलं नसलं तरी. क्लेम नंबर एसएमएसवर येतो, तो जपा. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून आकडा काढणारा, नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा, असं नियामकाचं २०२४ चं परिपत्रक सांगतं. महापुरात रस्ते बंद, शिरोलीला हायवे पाण्याखाली आणि सर्व्हेअर बाहेरगावचे. थोडं इकडंतिकडं होतं. तारखा मात्र लिहून ठेवा, पुढं लागतात.

घरात पाऊल टाकल्यावर झाडू नंतर उचला. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ शोधा. पाणी उतरताना मातकट पट्टा सोडून जातं, कधी एकाखाली एक दोन-तीन. जमिनीपासून त्या पट्ट्यापर्यंत मोजपट्टी धरून, आकडा दिसेल असा फोटो काढा, प्रत्येक खोलीत एक. सर्व्हेअर आल्यावर सगळ्यात आधी हीच रेघ बघतो आणि तिच्यावरून काय भिजलं असणार ते ठरवतो. रेघ साडेतीन फुटांवर आणि तुमच्या यादीत माळ्यावरची ट्रंक, तर पुढच्या प्रत्येक वस्तूवर तो शंका घेणार. एकदा भिंत पाण्यानं धुतली की हा पुरावा गेला. मग वस्तूंचे फोटो, जागच्या जागी, चिखलासकट.

नंतर साफ करा, थांबू नका. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीप्रमाणं तुमचंच काम आहे. अडचण अशी की पूर ओसरला की गल्लीत भिजलेल्या गाद्यांचे ढीग लागतात आणि महापालिकेच्या गाड्या ते उचलून नेतात, सर्व्हेअर यायच्या आत. म्हणून गादीच्या खोळीचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा, कपाटाच्या फुगलेल्या प्लायचा एक तुकडा ठेवा. फ्रिज, मशीन, इन्व्हर्टर मात्र भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेअरला फोटो पाठवून "हे टाकू का?" असं व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा, तोंडी नको.

आणि भिजलेला फ्रिज चालू करून बघू नका. "चालतोय का बघितलं फक्त" असं म्हणत प्लग लावला आणि तो जळाला, तर शॉर्टसर्किटनं बिघडलेलं उपकरण हा वेगळाच अपवाद कंपनी काढते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून लेखी घ्या: पाणी गेल्यानं मोटर खराब. गाडीचंही तसंच, पाण्यात बुडालेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की इंजिनाचा क्लेम अडकतो.

सर्व्हेअर भंगाराची किंमत वजा करतो, ते नियमाप्रमाणं आहे. मलबा हटवायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत पॉलिसीतच आहे. मागितल्याशिवाय तो आकडा कोणी आपणहून घालत नाही, त्यांची बिलं जोडा.

तलाठ्यांचा पंचनामा आणि विमा या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही धरा. २०१९ ला सरकारनं ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार दिले होते. आपत्ती निधीच्या निकषात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आहेत. तेवढ्यात घर उभं राहत नाही, पण पंचनाम्याची प्रत विम्याच्या फाईलमध्ये उपयोगाची असते: तारीख, पाण्याची उंची, सरकारी शिक्का. सरकारी मदत मिळाली म्हणून विमा बंद होत नाही.

क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर नुसतं एजंटवर चिडू नका, कारण लेखी मागा. पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं तो नंबर त्यात पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं ईमेल करा. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही तक्रार घेतात. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. अर्जाला नकाराचं पत्र, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि मोजपट्टीवाले फोटो जोडा. अहवालाची प्रत कंपनीकडून मागून घेता येते. आधी ती मागा, मगच अर्ज लिहायला बसा.